लिब्रेम लॅपटॉप आणि बंदिस्त फर्मवेअर

लिब्रेम : प्युरिझम या अमेरिकी कंपनीची, वापरणाऱ्याचा खासगीपणा जपण्याच्या हमीवर विकली जाणारी लॅपटॉपची मालिका. टॉड वीव्हर यांनी २०१४ मध्ये ही कंपनी काढली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘लिब्रेम १५’साठी लोकवर्गणीची मोहीम सुरू केली. कॅमेरा-मायक्रोफोन आणि वाय-फाय-ब्लूटूथ यांचा वीजपुरवठाच तोडणारे दोन खटके आणि डेबियनवर आधारलेली, एकही बंदिस्त प्रोग्राम नसलेली प्युअरओएस ही प्रणाली, ही या यंत्रांची ठळक वैशिष्ट्ये. जाणकारांच्या बोलण्यात लिब्रेमचे नाव येते ते मात्र बहुधा वेगळ्या कारणाने. इंटेलच्या प्रोसेसरवर उभ्या असलेल्या यंत्राला विश्वासार्ह म्हणायचे, तर त्याच्या पोटातल्या बंदिस्त फर्मवेअरचे काय करायचे, हा वाद या लॅपटॉपमुळे चव्हाट्यावर आला.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या भागांमध्येच मुरवलेला प्रोग्राम. मदरबोर्डवरच्या आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये बायोस असतो. कीबोर्ड, पंखा आणि बॅटरीचे चार्जिंग सांभाळणाऱ्या एम्बेडेड कंट्रोलरला स्वतःचे फर्मवेअर लागते, एसएसडीला आणि वाय-फाय कार्डालाही लागते. प्रोसेसरच्या आत मायक्रोकोड असतो तो निराळाच. यातले बहुतेक बंदिस्त असते, म्हणजे त्याची मूळ आज्ञावली उत्पादकाखेरीज कोणी पाहू शकत नाही. बायोस ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी जागा होतो, त्यामुळे तो जे सांगेल ते खरे मानण्यावाचून वरच्या प्रणालीला गत्यंतर नसते. २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर विंडोज पुसून नव्याने टाकले तरी कंपनीचा प्रोग्राम आपोआप परत येत असल्याचे उघड झाले. तो बायोसमधूनच पेरला जात होता. २०१८ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने लोजॅक्स हा यूईएफआय फर्मवेअरमध्ये घर करणारा घुसखोर प्रोग्राम प्रत्यक्ष हल्ल्यात वापरला गेल्याचे दाखवून दिले. हार्ड डिस्क बदलूनही तो जात नाही.

वादाच्या केंद्रस्थानी आहे इंटेल मॅनेजमेंट इंजिन, थोडक्यात एमई. चिपसेटमध्ये बसवलेला हा एक स्वतंत्र छोटा संगणकच आहे. कार्यालयांतले संगणक दुरून सांभाळण्याच्या एएमटी या सोयीबरोबर तो २००६ मध्ये आला आणि काही वर्षांतच इंटेलच्या जवळजवळ सर्व चिपसेटमध्ये दिसू लागला. यंत्र बंद असले तरी वीज मिळत असेपर्यंत तो जागा राहू शकतो, मुख्य मेमरीपर्यंत त्याचा हात पोहोचतो आणि एएमटी असलेल्या यंत्रात जाळ्यावरून थेट बोलताही येते. त्याच्या फर्मवेअरवर इंटेलची डिजिटल सही असते. सही जुळली नाही तर तो ते चालवत नाही. २००८ नंतरच्या पिढ्यांमध्ये हे फर्मवेअर सरळ पुसून टाकले, तर लॅपटॉप एक तर सुरू होत नाही किंवा अर्ध्या तासाने आपणहून बंद पडतो. स्कायलेक पिढीपासून (२०१५) एमईवर मिनिक्स ३ ही प्रणाली चालते, हे संशोधकांनी उकलून काढले. मिनिक्सचे जनक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये इंटेलला उघड पत्र लिहिले : परवान्यानुसार कळवण्याचे बंधन नव्हते, पण सौजन्य म्हणून सांगायला हरकत नव्हती. स्वतःची प्रणाली इतक्या यंत्रांत पोहोचली हे खुद्द कर्त्यालाही बाहेरून कळावे, यावरून या दालनातली गुप्तता किती होती ते दिसते.

एमईमध्ये इंटेलने मुद्दाम चोरवाट ठेवल्याचा जाहीर पुरावा नाही, आणि कंपनी तसा आरोप फेटाळते. पण चोरवाट लागतेच असे नाही. साधी चूक पुरते. मे २०१७ मध्ये उजेडात आलेली एएमटीची चूक नमुनेदार आहे. लॉगिन करताना पाठवलेल्या उत्तराची जेवढी लांबी, तेवढीच अक्षरे ताडून पाहिली जात. उत्तर रिकामे पाठवले की ताडायला एकही अक्षर उरत नसे आणि दार उघडे! एमईच्या ६ ते ११.६ या आवृत्त्यांतील एएमटीला, म्हणजे कित्येक वर्षांच्या यंत्रांना, ही खोट लागू होती. एएमटी चालू केलेल्या संगणकांनाच तिचा धोका होता, हे नमूद करायला हवे. मूळ आज्ञावली खुली असती तर ती लवकर सापडली असतीच असे नाही. पण बाहेरच्या कोणाला शोधण्याची संधी तरी मिळाली असती.

प्युरिझमच्या सुरुवातीच्या जाहिरातीत कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोग्राम यांच्या खुलेपणाची ग्वाही होती. बायोस त्या यादीत नव्हता, पण तोही पुढे खुला करू, अशी आशा दाखवली जात होती. कंपनीने सही नसलेला बायोसही चालू शकेल, असे बूट गार्डचे कुलूप न घातलेले प्रोसेसर मिळवले. हे काम खरे, पण त्यामुळे एमईची सही-तपासणी किंवा मेमरी सुरू करणारे इंटेलचे एफएसपी हे बंदिस्त पुडके टळत नव्हते. कोअरबूट आणि लिब्रेबूट या खुल्या बायोसच्या प्रकल्पांतल्या लोकांनी २०१५ मध्ये या आश्वासनांवर कडाडून टीका केली, आणि ती बहुतांशी रास्त होती. इंटेलच्या हाती असलेली किल्ली आपण आणून देऊ, असे गिऱ्हाइकाला सुचवणे हा उत्साहाचा अतिरेक होता.

२०१७ मध्ये चित्र पालटले. लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला कोअरबूट लिब्रेमवर बसवला गेला. निकोला कॉर्ना यांच्या ‘एमई क्लीनर’ या साधनाने एमईच्या फर्मवेअरचा बराचसा भाग छाटता येऊ लागला होता. सुरुवातीच्या टप्प्याला लागणारा काही शे किलोबाइटचा गाभा तेवढा उरे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या मार्क एर्मोलोव्ह व मॅक्सिम गोर्याची यांना एमईला आरंभीचे काम उरकताच थांबायला लावणारा एक बिट सापडला. अमेरिकी सरकारच्या ‘हाय अॅश्युरन्स प्लॅटफॉर्म’ कार्यक्रमासाठी तो ठेवल्याचे इंटेलने मान्य केले. सरकारला स्वतःच्या यंत्रांसाठी जी सोय हवी होती, तिचा सामान्य गिऱ्हाइकाला पत्ताही नव्हता. ऑक्टोबरमध्ये प्युरिझमने लिब्रेमवर एमई निष्क्रिय केल्याचे जाहीर केले. तरीही उरलेला गाभा दर वेळी चालतो, बंदिस्तच आहे आणि इंटेलच्या सहीचाच आहे.

उरलेल्या शंकेवर कंपनीने दिलेला उतारा म्हणजे ट्रॅमेल हडसन यांच्या हेड्स प्रकल्पावर आधारलेला प्युअरबूट. यंत्र सुरू होताना फर्मवेअरचे माप टीपीएम चिपमध्ये नोंदले जाते. माप पूर्वीसारखे असेल तरच ‘लिब्रेम की’ या यूएसबी किल्लीवरचा हिरवा दिवा लुकलुकतो, नाहीतर लाल. आपल्यामागे कोणी बायोस बदलला का, एवढे यातून कळते. फर्मवेअर मुळात कसे लिहिले आहे, हे दिवा सांगत नाही.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची रेघ आणखी वेगळ्या जागी आहे. चिपमध्ये कायमचे कोरलेले, न बदलणारे फर्मवेअर ही संस्था हार्डवेअरच मानते. बदलता येणारे बंदिस्त फर्मवेअर तिला चालत नाही. प्युअरओएसला तिने डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता दिली. संस्थेचा फर्मवेअरबाबतचा नियम सांभाळण्यासाठी ‘लिब्रेम ५’ या फोनमध्ये मेमरी जुळवणारी बंदिस्त आज्ञावली वेगळ्या चिपमध्ये ठेवून दुय्यम प्रोसेसरकडून चालवण्याची तजवीज करण्यात आली. आज्ञावली तीच, बंदिस्तपणाही तोच. बदलली ती फक्त जागा. वापरणाऱ्याची सुरक्षितता यातून किती वाढली, हे सांगणे कठीण आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टरचा दोष जाहीर झाला तेव्हा तर संस्थेची ही भूमिका अडचणीचीच ठरली, कारण त्याच्या एका प्रकारावरचा उपाय बंदिस्त मायक्रोकोडच्या नव्या आवृत्तीतून यायचा होता. डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्याचे ठरवले. त्याच वर्षी लिब्रेबूटनेही आपले सोवळे बरेच सैल केले.

एमई पूर्णपणे काढता येईल असा लॅपटॉप हवा असेल तर थिंकपॅड एक्स २०० कडे, म्हणजे २००८ च्या कोअर २ ड्युओकडे आणि जेमतेम ८ जीबी मेमरीकडे वळावे लागते. एएमडीकडे जाऊनही सुटका नाही. तिथे २०१३ पासून पीएसपी हा एआरएम गाभ्याचा सुरक्षा प्रोसेसर असतो. बर्लिनच्या एमएनटी रिफॉर्मने एआरएम प्रोसेसर आणि खुले आराखडे ही वाट धरली. डेन्व्हरच्या सिस्टिम ७६ ने २०१९ पासून कोअरबूटवर आधारलेले लॅपटॉप विकायला घेतले आणि एम्बेडेड कंट्रोलरचे खुले फर्मवेअर लिहिले. त्याच कामाच्या आधारे ‘लिब्रेम १४’चा कंट्रोलरही खुला झाला. त्या यंत्रात एफएसपी, एमईचा गाभा, मायक्रोकोड आणि एसएसडीचे फर्मवेअर मात्र बंदिस्तच राहिले.