पावणेअकरा ते पावणेअकरा

गुरुवार, २ फेब्रुवारी २०१७. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातलं पेन स्टेट विद्यापीठ. ‘बीटा थीटा पाय’ या विद्यार्थी-मंडळाच्या घरात आज नव्या सभासदांच्या स्वागताची रात्र. कागदोपत्री हे घर दारूमुक्त. सल्लागार म्हणून एक वडीलधारा माणूस इथेच राहतो आणि तो विद्यापीठाच्याच नोकरीत आहे, फुटबॉल संघाचा ट्रेनर. घरभर कॅमेरे आहेत. पुढचं सगळं कळलं ते त्यांच्यामुळेच.

रात्री सव्वानऊनंतर : नव्या मुलांना रांगेनं पुढे सरकवत पाजायला सुरुवात. आधी व्होडका, मग बिअर, मग वाइन. रांगेत तिमथी पियाझा आहे. वय १९, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. तिथे पिण्याचं कायदेशीर वय २१. ८२ मिनिटांत त्याच्या हातात १८ वेळा दारू आली. सरकारी वकिलांनी पुढे चित्रीकरण पाहून सांगितलं, की त्यातली एकदाही त्यानं स्वतःहून घेतलेली नव्हती.

१०.४५ : तो तळघराच्या जिन्यावरून खाली कोसळतो. चौघं त्याला उचलून वर सोफ्यावर आणतात. पोटावर डाव्या बाजूला वळ उठलाय.

अकरानंतर : कुणी थोबाडीत मारतं, कुणी तोंडावर ओततं. एक मुलगा कळवळून सांगतो, ह्याला दवाखान्यात न्या. त्यालाच भिंतीवर ढकलतात. मग तिमथीच्या पाठीला पुस्तकांनी भरलेली सॅक बांधतात, उताणा होऊन उलटीनं गुदमरू नये म्हणून. ही सॅक मला विसरता येत नाही. मरण येऊ शकतं, हे त्यांना कळलं होतं. कळूनही फोन केला नाही.

पहाटे : तो उठायला बघतो, पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. डोकं आपटतं. तासन् तास.

सकाळी दहाच्या सुमारास : तळघरात सापडतो. अंग गार. मुलं त्याला वर आणतात, पुसतात, कपडे घालू बघतात, फोनवर लक्षणं शोधतात.

१०.४८ : ९११ला फोन. पडल्याला बारा तास झाले.

४ फेब्रुवारी : रुग्णालयात मृत्यू. कवटीला तडा, प्लीहा फुटलेली, पोटात रक्तच रक्त.

विद्यापीठानं मंडळावर कायमची बंदी घातली. दोघा पदाधिकाऱ्यांना शिक्षा झाली ती ऑक्टोबर २०२४मध्ये, दोन ते चार महिने. त्या ट्रेनरवर खटला भरला गेला नाही. मला हे पटत नाही. पोरांवर नजर ठेवायला ज्याला त्या घरात जागा दिली, तो पाजणाऱ्यांइतकाच जबाबदार धरला पाहिजे, मग तो ट्रेनर असो, प्राध्यापक असो की आपल्याकडचा हॉस्टेलचा रेक्टर.

२०१८मध्ये तिमथीच्या नावानं पेन्सिल्व्हेनियात रॅगिंगविरोधी कायदा झाला. रॅगिंगमध्ये जीव गेला तर आता तो तिथे गंभीर गुन्हा आहे. जो मदतीला फोन करतो आणि थांबतो, त्याला कायदा संरक्षणही देतो. मुलं अमेरिकेत शिकायला पाठवत असाल, तर निघण्याआधी त्यांना एवढं बजावून सांगा : मित्र शुद्धीवर नसेल तर उतरेल म्हणून वाट बघू नका, लगेच ९११ लावा. इथे असाल तर १०८.