खाडा कोण मांडतं?

म्हसावदच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराआड, 'कालनिर्णय' टांगलेलं असायचं. ज्या दिवशी दूध आलं नाही त्या तारखेच्या चौकटीत आई फुली मारायची. तो खाडा. महिना संपला की दूधवाला त्याची वही घेऊन ओट्यावर टेकायचा. आईच्या फुल्या आणि त्याच्या खुणा समोरासमोर ठेवून मोजल्या जायच्या. एखाद्या दिवसाचा फरक निघाला तर थोडी हुज्जत, मग पैसे, मग चहा.

आज पुण्यात माझं पोट अशाच चौकटींवर चालतं. सॉफ्टवेअरच्या कामाची आखणी आडव्या पट्ट्यांच्या तक्त्यावर होते आणि रोजची प्रगती 'करायचंय, चालू, झालं' अशा तीन रकान्यांच्या फळ्यावर दिसते. दोन वर्षांपूर्वी एका कामाची चाचणी अर्धीच झालेली असताना मी त्याची पट्टी हिरवी केली. आढावा बैठक दहा मिनिटांत संपली, सगळे खूश. पुढचे तीन आठवडे ते सॉफ्टवेअर ज्यांच्या माथी मारलं गेलं ते लोक रात्री थांबून हाताने नोंदी करत होते. तक्त्यावर मात्र सगळं वेळेत झालं होतं. ही साधी दिसणारी चित्रं आली कुठून, आणि त्यांच्यात खोटं बोलणं इतकं सोपं कसं झालं, हे शोधायला मी तेव्हापासून लागलो.

पट्ट्यांच्या तक्त्याला हेन्री गँटचं नाव आहे. खरं तर पोलंडच्या कारोल आदामिएत्स्कीने १८९६ मध्येच 'हार्मोनोग्राम' नावाची अशीच रीत काढली होती, पण त्याचं लेखन इंग्रजी जगापर्यंत वेळेत पोचलं नाही आणि नाव गँटचं राहिलं. गँट हा अमेरिकी यांत्रिकी अभियंता, 'शास्त्रीय व्यवस्थापन'वाल्या फ्रेडरिक टेलरचा सहकारी. पहिल्या महायुद्धात शस्त्रागारांत आणि जहाजबांधणीत त्याचे तक्ते वापरले गेले. १९१९ मध्ये तो वारला. त्याचा सहकारी वॉलेस क्लार्क याने १९२२ मध्ये 'द गँट चार्ट' हे पुस्तक लिहिलं आणि ही रीत जगभर गेली.

त्या पुस्तकातले तक्ते आजच्यासारखे नाहीत. त्यात एका दिवसाच्या रकान्याची रुंदी म्हणजे त्या दिवशी अपेक्षित असलेलं काम. प्रत्यक्षात अर्धंच काम झालं तर बारीक रेघ अर्ध्या रकान्यापर्यंतच काढायची. खाली आठवड्याची एकूण जाड रेघ. आणि रेघ जिथे तोकडी पडली तिथे कारणाचं एक अक्षर लिहायचं: माल आला नाही, वीज नव्हती, यंत्र दुरुस्तीला होतं, हत्यार नव्हतं, सूचनाच मिळाली नाही. 'कामगार मंद' आणि 'कामगार नवखा' ही कारणंही यादीत होती, पण बरीचशी कारणं कामगाराच्या हातातली नव्हती, साहेबाच्या हातातली होती. म्हणजे तक्त्यातली रिकामी जागा वर बसलेल्या माणसाला जाब विचारत होती. आपल्या आजच्या तक्त्यांत पट्टी राहिली, रंग आले, आणि कारणाची अक्षरं बहुतेक ठिकाणी गळून गेली.

याच तत्त्वाचं सगळ्यात कडक रूप आमच्या भागातून जाणाऱ्या रेल्वेत आहे. म्हसावदला रेल्वे नाही. आम्ही नंदुरबार किंवा दोंडाईचा गाठतो. सुरतेहून जळगावकडे जाणारा हा तापी खोऱ्यातला मार्ग ब्रिटिश काळातला, एकेरी. त्याचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पूर्ण होऊन लोकार्पण झालं ते १६ फेब्रुवारी २०१९ला, पंतप्रधानांच्या धुळ्यातल्या सभेत. त्याआधी एखाद्या छोट्या स्टेशनावर गाडी अर्धा तास उभी का, हा प्रश्न आमच्याकडच्या प्रत्येक प्रवाशाला पडलेला असतो. उत्तर एकच: 'क्रॉसिंग'.

हे क्रॉसिंग ठरतं एका आलेखावर. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर एकाखाली एक स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. गाडी थांबली की रेघ आडवी होते, वेगात असली की अधिक उभी. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेघा एकमेकींना छेदतात, आणि एकेरी मार्गावर तो छेद स्टेशनाच्या ओळीवरच पडायला हवा. दोन स्टेशनांच्या मधे पडला तर ती टक्कर. ही रीत एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सची. एत्येन-ज्युल मारे या शास्त्रज्ञाने आपल्या 'ला मेथोद ग्राफिक' या पुस्तकात पॅरिस-लियाँ मार्गाचा असा आलेख छापला होता. आपल्याकडे सेक्शन कंट्रोलर अनेक दशकं मोठ्या कागदावर पेन्सिलीने हे काम करत आले, आता संगणकाच्या पडद्यावर करतात.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कंट्रोलर शेकडो किलोमीटर दूर बसलेला असतो, पण प्रत्यक्ष धावलेल्या गाडीची रेघ तो मनाने पुढे नेऊ शकत नाही. त्या स्टेशनावरून 'गाडी सुटली' असा निरोप आला की मगच रेघ पुढे. उशीर झाला तर कारणही लिहावं लागतं. आखणी एकाची, पण 'झालं' हा शब्द जागेवर उभ्या असलेल्या माणसाचा.

जपानी कानबानचंही तसंच. टोयोटाच्या कारखान्यात ताईची ओनो यांनी ही पद्धत बसवली तेव्हा ते कार्ड पुढच्या टप्प्यावरून मागे यायचं. सुटे भाग वापरणारा सांगणार की मला इतके हवेत, मग बनवणारा बनवणार. आमच्या फळ्यावरचे तीन रकाने याच कानबानचं नाव लावतात, पण तिथे कार्ड 'झालं'मध्ये सरकवतो तो काम करणारा स्वतःच. वापरणारा बैठकीतही नसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्रात बाण आले. ड्युपाँट कंपनीत 'क्रिटिकल पाथ' आणि १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात 'पर्ट' तयार झालं. कोणतं काम कुणावर अवलंबून आहे, कोणतं संपल्याशिवाय कोणतं सुरू होऊ नये, हे बाणांनी दाखवायचं. पोलारिस वेळेआधी झाला आणि पर्टची कीर्ती पसरली. पण हार्वी सापोल्स्की या अभ्यासकाने १९७२ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की प्रकल्पाच्या यशात पर्टचा वाटा फारसा नव्हता. त्याचा मोठा उपयोग बाहेरच्यांना गप्प ठेवण्यासाठी झाला. इतकी आधुनिक पद्धत वापरणाऱ्यांना कोण प्रश्न विचारणार? हे वाचताना मला माझी हिरवी पट्टी आठवली.

आणि मग आठवली आमच्या उत्तरेची नर्मदा. म्हसावदहून सातपुडा समोर दिसतो. त्या डोंगरापलीकडे, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावं सरदार सरोवराच्या बुडितात धरली गेली. माझ्या शाळेत पुनर्वसन वसाहतीतली मुलं होती. सुट्टी लागली की ती डोंगरात, मागे राहिलेल्या नातेवाइकांकडे जायची. हा प्रकल्प मी तेव्हा फक्त बातम्यांत ऐकला होता. आता तो मला एका बाणाची गोष्ट म्हणून दिसतो.

नर्मदा जलविवाद लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये अंतिम निवाडा दिला. त्यात विस्थापितांबद्दल अट होती: भरपाई आणि पुनर्वसनाची व्यवस्था झाल्याशिवाय जमीन बुडवायची नाही, आणि पुनर्वसनाची तयारी बुडिताच्या वर्षभर आधी व्हायला हवी. आमच्या भाषेत सांगायचं तर पहिलं काम संपलं की मगच दुसरं सुरू. पर्टच्या कागदावर हा बाण कुणीही काढू शकला असता.

प्रश्न होता 'पहिलं काम संपलं' हे कोण सांगणार. धरणाची उंची हा एकच आकडा होता, मीटरमध्ये, दशांशासकट, सगळ्यांना दिसणारा. पुनर्वसनाचे आकडे याद्यांमध्ये होते आणि त्या सरकारं तयार करत होती. जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीने जून १९९२ मध्ये सांगितलं की चालू परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं पुनर्वसन शक्य नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये भारत सरकारने बँकेचं उरलेलं कर्ज नाकारलं. १९९९ च्या पावसाळ्यात डोमखेडीत लोक चढत्या पाण्यात उभे राहिले. पाणी कुठवर आलं हे त्या वेळी माणसांच्या अंगावर मोजता येत होतं.

१८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने धरण नव्वद मीटरपर्यंत नेण्यास परवानगी दिली. पुढची उंची पुनर्वसनाच्या बरोबरीने आणि पुनर्वसन उपगटाच्या मंजुरीनेच वाढवावी, असं सांगितलं. निवाड्याचं बंधन न्यायालयाने कायम ठेवलं होतं. पण 'आधी' आणि 'बरोबरीने' हे तक्त्यावर दोन वेगळे बाण आहेत. दुसऱ्यात दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी चालतात, आणि त्यातली एक काँक्रीटची असते. पुनर्वसन मागे पडलं तर यादी पुन्हा करता येते. चढवलेला थर कुणी उतरवत नाही.

२००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती एस. एम. दाऊद यांची समिती नेमली. ती गावांत आणि वसाहतींत गेली आणि सरकारी याद्या व प्रत्यक्ष यांतली तफावत तिने नोंदवली. मार्च २००६ मध्ये धरण १२१.९२ मीटरपर्यंत नेण्याची परवानगी मिळाली. एप्रिलमध्ये सैफुद्दीन सोझ, मीरा कुमार आणि पृथ्वीराज चव्हाण हे केंद्रीय मंत्री मध्य प्रदेशातल्या बुडित गावांत जाऊन आले आणि कागदावरचे अहवाल जमिनीवरच्या स्थितीशी जुळत नाहीत, असंच त्यांनी कळवलं. काम थांबलं नाही. १७ जून २०१७ला दरवाजे बंद झाले आणि धरण १३८.६८ मीटरच्या पूर्ण उंचीला पोचलं.

या धरणाने गुजरातच्या कोरड्या भागांत पाणी नेलं, हेही खरं. धरण हवं होतं की नको, हा वाद मी इथे सोडवू शकत नाही. मला दिसतं ते इतकंच, की या अवाढव्य तक्त्यात आखणी होती, अट होती, टप्पे होते, देखरेखीच्या समित्याही होत्या. ज्याचं घर बुडणार होतं त्याच्या हातात पेन मात्र नव्हतं. त्याने 'माझं झालेलं नाही' म्हटलं तर ती तक्रार ठरायची, नोंद नाही.

माझं काम त्या मानाने क्षुल्लक आहे. माझ्या चुकीने कुणाचं गाव बुडत नाही, फार तर कुणाची झोप जाते. तरी मागच्या वर्षी मी आमच्या फळ्यावर एक बदल मागून घेतला. 'झालं' या रकान्यात कार्ड सरकवण्याचा अधिकार आता ते काम वापरणाऱ्यांकडे आहे, आणि कार्ड परत पाठवलं तर कारण लिहावं लागतं. पहिल्याच आठवड्यात अकरापैकी चार कार्डं परत आली. बैठक दीड तास चालली आणि कुणीच खूश नव्हतं.

हे सगळं फोनवर आईला समजावून सांगितलं. शोध लावल्यासारखाच सांगत होतो बहुतेक. ती म्हणाली, "मग? नुसत्या दूधवाल्याच्या वहीवर कोणी पैसे देतं का?"