भिंतीतला धागा

गेल्या उन्हाळ्यात घराचा बाहेरचा गिलावा फुगला होता, तो काढून नवा करायला घेतला. गवंडी माल कालवताना सिमेंटच्या प्रत्येक पोत्यामागे एक लहानशी पिशवी फोडून टाकत होता. आत पांढरं, पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी होतं. विचारलं तर म्हणाला, "गुरुजी, फायबर हाय. ह्येनं तडे जात न्हाईत." चिमूटभर हातावर घेऊन पाहिलं. अर्ध्या इंचाहून आखूड, केसापेक्षा बारीक, प्लास्टिकचे धागे.

मला हसू आलं. आमच्या लहानपणी आई भिंती लिंपायची तेव्हा मातीत शेण आणि गव्हाचं भूस घालायची. शेण तरी काय, गाईनं बारीक केलेलं गवतच की! उघडी माती वाळताना आकसते आणि फाटते. काडी तिला धरून ठेवते. ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडल्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या गिलाव्यातही वनस्पतींचे तंतू आणि भाताचं तूस आहे. शहरातले कारागीर पीओपीचं छत करताना काथ्या वापरतात, तोही याच कुळातला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या लुडविग हाट्शेक यांनी सिमेंटमध्ये अॅस्बेस्टॉसचे तंतू घालून पत्रे बनवण्याची रीत काढली. आपल्या शाळांवर, गोठ्यांवर तेच पत्रे आले. पुढे कळलं की त्या तंतूंची धूळ फुफ्फुसात गेली की कर्करोगापर्यंत मजल जाते. मग दुसऱ्या तंतूंचा शोध सुरू झाला. १९५४ साली इटलीत जुलिओ नाट्टा यांनी पॉलिप्रॉपिलीन तयार केलं होतं, आणि १९६० च्या दशकात त्याचे धागे काँक्रीटमध्ये घालून पाहण्यात आले. हा धागा गंजत नाही, कुजत नाही, आणि सिमेंटच्या क्षारानं खराबही होत नाही.

काम कसं करतो? ओल्या गिलाव्यातलं पाणी ऊन-वाऱ्यानं भराभर उडतं, माल आकसतो आणि पहिल्या काही तासांतच केसासारख्या चिरा पडतात. त्या वेळी मालाला स्वतःची ताकद नसते. सगळीकडे विखुरलेले हे लाखो धागे चीर रुंदावण्याआधीच तिला दोन्ही बाजूंनी धरतात. एका घनमीटर काँक्रीटला सुमारे ९०० ग्रॅम धागा, म्हणजे आकारमानाच्या हजारातला एक भाग, एवढ्यावर हे काम भागतं. आमच्या धाराशिवच्या एप्रिलच्या उन्हात त्याचा उपयोग खराच आहे.

इथवर सगळं ठीक. पण शेजारी नवी खोली बांधणारे गृहस्थ काम बघायला आले आणि म्हणाले, "गुरुजी, फायबर घातलं तर स्लॅबला सळई कमी टाकली तरी चालंल. लिंटेलचा पट्टाबी कशाला?" आणि माझं हसू मावळलं.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं उशिरा झोपली आणि ३० तारखेला पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीची धरणी हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसं गेली. आमच्या बाजूला सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावं बसली. त्या आठवड्यात आम्ही शिक्षक मंडळी मदतीला गेलो होतो. भिंती कशा पडल्या ते डोळ्यांनी पाहिलं. दोन-अडीच फूट जाडीची भिंत. बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा, मध्ये चिखल आणि दगडगोटे. दोन्ही थरांना जोडणारा आरपार लांब दगड नव्हता. हादरा बसताच एक थर बाहेर कोसळला, एक आत, आणि त्यांवर माळवदाची माती. त्या मातीतही भूस होतंच. भुसानं मातीचे तडे थांबवले, भिंत नाही थांबवली.

पुढच्या पुनर्वसनात, जागतिक बँकेच्या साहाय्यानं, नव्या घरांना काँक्रीटचे पट्टे आले आणि जुन्या भिंतींत आरपार दगड बसवून त्या बांधून घेण्याचं काम शिकवलं गेलं. हे शिक्षण आमच्या जिल्ह्यानं फार मोठी किंमत मोजून घेतलं आहे.

म्हणून शेजाऱ्यांना बसवून सांगितलं. गिलाव्यातला हा धागा ओल्या मालाची चीर धरतो. घर हलतं तेव्हा चारी भिंती एकत्र बांधून ठेवायला लिंटेलचा सलग पट्टा आणि त्यातली सळईच लागते. एकाचं काम दुसरा करत नाही. आणि फायबर घातलं म्हणून गिलाव्यावर पाणी मारायचं सोडायचं नाही. पाण्यावाचून सिमेंट पिकत नाही.

ते गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "आमची आत्या गेली बघा सास्तूरला." मला ते ठाऊक नव्हतं.

त्यांच्या खोलीचा पट्टा ओतला त्या दिवशी मी मुद्दाम जाऊन सळया मोजून आलो. शिक्षकाची सवय, दुसरं काय! तुमच्याही घराचं काम निघालं तर फायबर जरूर घाला. पण आधी सळया मोजा.