प्रतिबंधित बोअर: भारतात नागरिकाच्या पिस्तुलाचे माप कोणी ठरवले?

जवळ बाळगायच्या पिस्तुलासाठी कोणत्या मापाचे काडतूस निवडावे, हा प्रश्न अमेरिकेत विचारला की चर्चा माणसाच्या शरीरापासून सुरू होते. गोळी किती खोल जाईल, समोरचा थांबेल का, वगैरे. भारतात हाच प्रश्न विचारला तर आधी शस्त्र परवाना पाहावा लागतो. परवान्याच्या भाषेत दोन वर्ग आहेत: प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर. ही विभागणी कुठून आली, ते या टिपणात पाहू. कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत ती तळटिपेत जाते. माझ्या मते राज्यसंस्था नागरिकाकडे कशी पाहते याचा तो फार बोलका पुरावा आहे.

आधी मापे समजून घ्या. बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीतल्या पोकळीचा व्यास. .३२ म्हणजे इंचाचे बत्तीस शतांश, सुमारे ८ मिलिमीटर. ही नावे काटेकोर नसतात: .३८ स्पेशल या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाच्या आसपास असते. '१२ बोअर'चा हिशेब तर निराळाच आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातल्या एकीचा जो व्यास तो १२ बोअर. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गोळीचा व्यास जुळला, पण पुंगळीची लांबी-रुंदी जुळली नाही, तर काडतूस त्या हत्यारात बसत नाही. पुढचा सगळा कायदा या साध्या यांत्रिक गोष्टीवर उभा आहे.

१८५७ नंतर सुरू झालेल्या निःशस्त्रीकरणाला लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्याने पक्के रूप दिले. भारतीयाला परवाना हवा, युरोपियनाला नियमांतून सूट, हा भेद काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत वारंवार टीकेचा विषय झाला. पण सरकारला हत्यार कोणाच्या हातात आहे एवढीच काळजी नव्हती. त्यात कोणते काडतूस चालेल, ही काळजीही होती. लष्कराच्या मार्टिनी-हेन्री रायफलचा बोअर .४५० होता आणि चोरीला गेलेल्या अशा रायफली सरहद्दीवर फिरत होत्या. शिकारीसाठी आणलेल्या .४५० च्या गोळ्या त्यांत वापरता येतील, या भीतीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या बोअरच्या शिकारी रायफली भारतात आणण्यावर बंदी आली. इंग्लंडच्या बंदूककारांनी काय केले? .४६५, .४७० अशी नवी मापे काढली. ताकद साधारण तेवढीच, फक्त व्यास वेगळा. साहेबाची वाघाची शिकार चालू राहिली आणि सरकारही समाधानी राहिले. म्हणजे बंदी जोरावर नव्हती. लष्कराशी जुळण्यावर होती.

रिव्हॉल्व्हरलाही हाच न्याय लागला. ब्रिटिश लष्कराचे वेब्ली रिव्हॉल्व्हर .४५५ चे होते, त्याची गोळी सुमारे १७ ग्रॅमची. १९३० च्या दशकात लष्कर .३८० वर आले. तिथे आधी शिशाची २०० ग्रेनची गोळी होती. पण पसरणाऱ्या गोळ्यांवरील १८९९ च्या हेग घोषणेच्या संदर्भात मऊ शिसे अडचणीचे वाटू लागले आणि १७८ ग्रेनची धातूचे वेष्टन असलेली गोळी आली. (ती घोषणा ज्या वादातून निघाली, त्या वादातल्या 'दमदम' गोळीचे नाव कलकत्त्याजवळच्या कारखान्यावरून पडले आहे.)

याच काळात क्रांतिकारकांची हत्यारे बहुतेक लष्करी मापाची नव्हती. नाशिकला डिसेंबर १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले पिस्तूल ब्राउनिंगचे होते. ऑगस्ट १९१४ मध्ये कलकत्त्यात रोडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली गेली. हा आकडा नीट वाचा: एका पिस्तुलामागे नऊशेहून अधिक काडतुसे. बंगालमधल्या पुढच्या अनेक घटनांत हीच पिस्तुले सापडत राहिली.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. कायदा पाळणाऱ्या नागरिकाला स्वसंरक्षणासाठी शस्त्र मिळावे, हा त्याचा जाहीर हेतू होता. तो १९६२ च्या नियमांसह लागू झाला. त्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत लष्करी सेवेतील .३८० किंवा .४५५ चे रिम असलेले, आणि ९ मिमी किंवा .४५ चे रिमविरहित काडतूस ज्यात बसून उडू शकते, असे कोणतेही पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित ठरले. वेब्ली गेले, पण वसाहतकाळातला तर्क जसाच्या तसा राहिला.

या तर्काचे परिणाम गमतीचे आहेत. .३५७ मॅग्नम हे ९ मिमीपेक्षा जोरदार काडतूस, पण ते भारतीय लष्कराचे नाही, म्हणून या यादीत नाही. १९१४ ला सरकारची झोप उडवणारे माउझरचे काडतूसही नाही. सामान्य विद्यार्थ्याला वाटते की 'प्रतिबंधित' म्हणजे जास्त घातक. हँडगनच्या बाबतीत ते खरे नाही. सरकारच्या कोठारातून गळालेले काडतूस खासगी हत्यारात चालू नये, एवढाच त्याचा अर्थ.

तुलनेसाठी अमेरिकेचा इतिहास पाहा. फिलिपिन्समध्ये .३८ लाँग कोल्ट अपुरे पडल्याच्या तक्रारींनंतर १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर व मृतदेहांवर चाचण्या केल्या आणि .४५ पेक्षा कमी नको, असा निष्कर्ष काढला. चाचण्या शास्त्रीय म्हणाव्यात अशा नव्हत्या, पण त्यांचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. १९८६ च्या मायामीतील चकमकीनंतर एफबीआयने ९ मिमीवर शंका घेतली, १९९० मध्ये .४० स्मिथ अँड वेसन आले, आणि पुढे संस्था पुन्हा ९ मिमीकडे वळली. तिथे उत्तर बदलत राहिले, कारण प्रश्न ताकदीचा होता.

भारतात मात्र .३२ टिकून राहिले. १९८० च्या दशकाच्या मध्यात खासगी आयात जवळपास बंद झाली. परदेशी बनावटीची जुनी हत्यारे दुर्मिळ आणि महाग झाली. कानपूरच्या सरकारी कारखान्याने .३२ चे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर बनवले. त्याची काडतुसे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात. या काडतुसाची रचना १८९६ ची आहे. गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे सहा ग्रॅमच्या थोडी वर; .४५५ च्या गोळीच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त. २०१४ मध्ये दिल्लीच्या अत्याचारानंतर स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' बाजारात आले, तेही .३२ च. किंमत सव्वा लाखाच्या घरात, त्यामुळे ते कोणत्या स्त्रियांसाठी होते हे वेगळे सांगायला नको.

१९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त तीन बंदुका, २०१९ च्या दुरुस्तीने दोन. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांना एक वर्षात तिसरी जमा करायची होती. आता हिशेब करून पाहा: आजोबांचे परदेशी रिव्हॉल्व्हर ठेवायचे, ज्याचे काडतूस मिळणे कठीण, की खडकीच्या काडतुसावर चालणारे .३२? निवड कागदोपत्री परवानाधारकाची आहे.

अभ्यासासाठी: १९६२ ची पहिली अनुसूची आणि १९१८ चा रौलट समितीचा अहवाल शेजारी ठेवून वाचा. अहवालात नोंदलेली कोणती हत्यारे अनुसूचीत प्रतिबंधित ठरली असती आणि कोणती नाही, याचा तक्ता करा.