रॅम खपावी म्हणून इंटेलनं लावलेले ५० कोटी डॉलर

आपल्या फुलसावंगीत कपाशीचं नवं बियाणं आलं की पहिला सवाल असतो, शेजाऱ्यानं लावलं का? १९९८ मध्ये रॅम बनवणाऱ्या कंपन्याही अशाच एकमेकींच्या तोंडाकडं बघत होत्या.

इंटेलनं ठरवलं होतं, पुढच्या कॉम्प्युटरमध्ये रॅम्बस कंपनीच्या डिझाइनची आरडीरॅमच घालायची. कागदावर वेग जबरदस्त. पण बनवणाऱ्याला तपासणीची नवी, महाग मशीन घ्यावी लागणार, चिप आकारानं मोठी, आणि वरून रॅम्बसला रॉयल्टी. त्यात मेमरीचे भाव आधीच पडलेले. मग खर्च करणार कोण? शेवटी इंटेलनंच खिशात हात घातला. ऑक्टोबर १९९८ मध्ये मायक्रॉनमध्ये ५० कोटी डॉलर गुंतवले, जानेवारी १९९९ मध्ये सॅमसंगमध्ये १० कोटी.

(रॅम्बसचे दहा लाख शेअर १० डॉलरच्या भावानं घेण्याचा हक्कही इंटेलकडं होता. अट एकच, आरडीरॅम चालली पाहिजे.)

सप्टेंबर १९९९ मध्ये आरडीरॅमचा ८२० चिपसेट ऐन लाँचच्या तोंडावर अडकला. तीन स्लॉटच्या बोर्डांवर डेटा चुकत होता. मे २००० मध्ये, जुनी स्वस्त रॅम चालावी म्हणून जोडलेल्या चिपमध्ये दोष निघाला आणि बोर्ड परत बोलवावे लागले.

तिकडं मायक्रॉन, पैसे घेऊनसुद्धा, डीडीआरच्या बाजूनं उभी! मला यात दगाबाजी दिसत नाही. गिऱ्हाईक महाग रॅम घेत नसेल, तर कारखाना ती कशाला बनवेल?

२००३ मध्ये इंटेलनं मायक्रॉनमध्ये पुन्हा ४५ कोटी डॉलर घातले. या खेपेला डीडीआर२ साठी.