केळीच्या खांबातील धागा

केळीला आयुष्यात एकदाच घड लागतो. घड उतरवला की त्या खांबाचे काम संपते आणि पुढचे पीक बाजूच्या पिलावर येते. परसातल्या चार केळींची अडचण होत नाही. खांब तोडून माडाच्या मुळाशी टाकला की आपोआप कुजतो. सुरत परिसरात मात्र उकाई-काकरापार कालव्यांच्या पाण्यावर केळीचे सलग मळे उभे आहेत. घड उतरल्यावर तेथे हेक्टरमागे ६० ते ८० टन खांब शेतात उरतात आणि ते बाहेर काढण्याची मजुरीही शेतकऱ्यालाच सोसावी लागते.

सुरतच्या दक्षिणेस असलेल्या नवसारी कृषी विद्यापीठाने या ओझ्याच्या उपयोगाचा पद्धतशीर शोध घेतला. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पांतर्गत झालेल्या या कामात सुरतची ‘मंत्रा’ ही वस्त्रसंशोधन संस्था, मुंबईची ‘सिरकॉट’ आणि सोनगड येथील जे. के. पेपर सहभागी होते. ‘मंत्रा’चे मूळ क्षेत्र कृत्रिम धाग्यांचे. कृत्रिम कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या शहराला केळीचा धागा खुणावावा, हा योगायोग गमतीचाच.

केळीचा खांब हे खरे खोड नव्हे; ती एकमेकांवर घट्ट गुंडाळलेली सोपटे असतात. सुटी केलेली सोपटे यंत्रात सारली की फिरत्या रुळावरील बोथट पाती मऊ गर खरवडून टाकतात आणि धागे हाती उरतात. बाहेरच्या सोपटांचा धागा जाडाभरडा, तर आतल्यांचा तलम असतो. सूत कातण्यापूर्वी त्याला चिकटलेले डिंकासारखे द्रव्य काढावे लागते. कापडासाठी बहुधा त्यात कापूस मिसळतात. जाड धागा दोर, चटया आणि कागदासाठी वापरता येतो. फिलिपीन्समधील अबाका ही केळीचीच बहीण; तिच्या धाग्याचा कागद चहाच्या पिशव्यांना आणि जपानी नोटांनाही चालतो.

खरी मेख वजनात आहे. खांबात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि धागा जेमतेम शंभरावा भाग. ७० टन खांब कारखान्यात नेऊन सुमारे ७०० किलो धागा मिळवायचा, म्हणजे बहुतांशी पाण्याचेच भाडे भरायचे. म्हणून यंत्र शेताजवळ हवे. केवळ धाग्यावर हिशेब मांडणारा उद्योजक फसण्याचीच शक्यता अधिक. नवसारीच्या कामाचे महत्त्व धाग्यापेक्षा उरलेल्या भागांना दिलेल्या किमतीत आहे. खांबाच्या पालाशयुक्त रसापासून विद्यापीठाने ‘नोव्हेल’ हे सेंद्रिय द्रवखत तयार केले. खरवडलेल्या गराचे गांडूळखत होते, तर आतल्या पांढऱ्या गाभ्यापासून कँडी.

अबोलीच्या फाती केळीच्या सोपटात गुंफणाऱ्या गोव्याला हा धागा अनोळखी नाही. पण येथील साल्दाती, सावरबोंडी, रसबाळी कुळागरांत विखुरलेल्या असतात आणि घडही वर्षभर थोडेथोडे उतरतात. एखाद्या गावातील खांब यंत्राला पुरणे कठीण. अनेक गावांनी मिळून फिरते यंत्र चालवले, तरच काही जमेल. तेव्हाही तोडणीचे दिवस आधी जुळवून घ्यावे लागतील, कारण तोडलेला खांब फार दिवस पडून राहिला की धागा काळवंडतो.