हुंडणावळ

डमडमच्या नागेरबाजार भागात एका उंचवट्यावर एक जुनी, पडझड झालेली इमारत आहे. कलकत्त्याच्या गजबजाटापासून दूर विसावा घेण्यासाठी रॉबर्ट क्लाइव्ह जेथे येऊन राहत असे, तेच हे स्थळ. लोक आजही त्यास क्लाइव्ह हाऊस म्हणतात. 1757 मध्ये पलाशीची लढाई झाली आणि मीर जाफरकडून क्लाइव्हला अलोट द्रव्य मिळाले. ते मिळविणे त्याला जितके सोपे गेले, तितके ते मायदेशी पोचविणे सोपे नव्हते. जहाज बुडते, चाचे लुटतात, शत्रू पकडतो. मेकॉलेने आपल्या निबंधात दिलेला हिशेब असा, की एक लाख ऐंशी हजार पौंड क्लाइव्हने डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मार्फत पाठविले, चाळीस हजारांहून काही अधिक इंग्रज कंपनीच्या मार्फत, आणि शिवाय मोठ्या रकमा जडजवाहिरात गुंतविल्या. गंमत अशी, की ज्या डचांशी 1759 मध्ये चुंचुड्याजवळ त्याने युद्ध केले, त्यांच्याच कागदावर त्याच्या संपत्तीचा मोठा भाग विसंबून होता!

एका गावी पैसा भरावा आणि दुसऱ्या गावी तो मिळावा, ही विद्या या देशाला क्लाइव्हने शिकविली नाही. ती येथे फार जुनी. तिचे साधन हुंडी, आणि त्या सेवेचे जे मोल पडे त्याला मराठीत नेमका शब्द आहे: हुंडणावळ. काशीयात्रेला निघालेला गृहस्थ पुण्यातील पेढीवर रुपये भरी आणि एक कागद कनवटीला लावून चालू लागे. काशीतील आडत्याने तो कागद सकारला, की हुंडी वटली. ती दर्शनी असेल तर दाखविताच पैसे, मुदती असेल तर ठरल्या दिवसांनी. हुंडी हरवली तर पेठ लिहून देत, पेठही गहाळ झाली तर परपेठ; आणि रक्कम चुकती झालेल्या हुंडीचा उरे तो खोका. या साऱ्या व्यवहारात पुण्याचा रुपया पुण्यातच राही. पुणेकराचे काशीवर जेवढे येणे, तेवढेच काशीकराचे पुण्यावर असेल, तर वहीत जमाखर्च झाला की काम संपले. येणे-देणे एका बाजूला कलले, वाटेत दंगा उसळला, वा रोकड दुर्मिळ झाली, म्हणजे हुंडणावळ चढे. अर्थात् ती हमालीची मजुरी नव्हे. ती काळाची, धोक्याची आणि पतीची किंमत होती.

ही किंमत किती असे? सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सुरतेवर लिहिलेल्या हुंड्यांचे दर नोंदवून ठेवले आहेत. अहमदाबादेहून शेकडा एक ते दीड, बऱ्हाणपुराहून अडीच ते तीन, आग्र्याहून सव्वाचार ते पाच, पाटण्याहून सात ते आठ. आणि बंगालमधील ढाक्याहून दहा! वाट जसजशी पूर्वेकडे लांबत जाई, तसतसा रुपया झिजत जाई.

बंगालमध्ये या विद्येचा कळस जगत्शेठांच्या घराण्याने गाठला. सुभ्याचा वसूल दिल्लीच्या बादशहाकडे जावयाचा, तो मुर्शिदाबादेच्या त्यांच्या पेढीने दिल्लीतील आपल्याच पेढीवर लिहिलेल्या हुंडीने जाई. या व्यवस्थेचा कस मराठ्यांनीच पाहिला. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालमध्ये उतरली आणि तिच्यातील एका तुकडीने मुर्शिदाबादेवर धाड घालून जगत्शेठांच्या वाड्यातून लाखोंची रोकड नेली. पेढी मात्र बसली नाही. घोड्यावर लादता येते ती चांदी. पत लादता येत नाही.

इंग्रजी अमलात मार्ग सुरक्षित झाले, तरी रुपयाचे अंतर एकदम मिटले नाही. 1861 च्या कायद्याने सरकारी नोटा निघाल्या खऱ्या, परंतु कलकत्ता मंडळाची नोट कायद्याने कलकत्ता मंडळातच चालावयाची. मुंबईत ती वटवावयाची तर बट्टा सोसावा लागे. दहाची नोट देशभर सारखी चालू लागण्यास 1910 साल उजाडावे लागले.

मोठ्या रकमेला मार्ग अनेक असतात, लहान रकमेला एखादाच. डमडमला 1783 पासून बंगालच्या तोफखान्याचे ठाणे होते. बंगालच्या फौजेत बव्हंशी अवध-बिहारचे शिपाई. पगार छावणीत आणि चूल शेकडो कोसांवर. पुढे कलकत्त्याभोवतीच्या तागगिरण्यांत आलेल्या मजुरांची स्थिती तीच झाली, आणि मुंबईच्या कापडगिरण्यांत शिरलेल्या कोकण्यांचीही. या माणसांना 1880 मध्ये सुरू झालेल्या टपालाच्या मनीऑर्डरीने हात दिला. पोस्टमन दारात येऊन रुपये मोजून देई, अंगठा घेई, आणि पावतीवर दोन ओळींचा निरोपही आणी. रत्नागिरीकडची कित्येक घरे या मनीऑर्डरीवर चालली. ते उपकार विसरता येण्याजोगे नाहीत. तथापि तिचे मोलही लहान नव्हते. अखेरच्या काळात दर वीस रुपयांना एक रुपया असे कमिशन पडे, म्हणजे शेकडा पाच. आगगाडी, तारायंत्र, विमान सारे येऊन गेल्यावर मजुराच्या रुपयाला ताव्हेर्नियेच्या काळातील आग्र्याचाच दर पडत होता.

बँकांतून विजेच्या वेगाने रक्कम पाठविण्याची सोय झाली, तेव्हाही आरंभी तिला हुंडणावळ होती. 2005 मध्ये सुरू झालेल्या एनईएफटीत दहा हजारांपर्यंत अडीच रुपये आणि दोन लाखांवर पंचवीस रुपये, अशी मर्यादा पुढे ठरली होती. येथे अंतराचा हिशेब संपला: डमडमहून बराकपूरला पाठवा की रत्नागिरीला, आकार एकच. जुलै 2019 पासून रिझर्व्ह बँकेने बँकांकडून घेतले जाणारे आपले शुल्क सोडून दिले आणि जानेवारी 2020 पासून बचत खातेदाराने घरबसल्या केलेल्या अशा व्यवहारावर आकार घेऊ नये, असे बँकांना बजावले. शाखेत जाऊन, रांगेत उभे राहून, कागदी अर्ज भरणाऱ्याकडून आकार घेण्याची मुभा मात्र बँकांना राहिली.